दुरुस्त केलेलं ड्रॉइंग

प्रिय बाबा,

आधी घडलं ते, क्रमाने.

१. तुम्ही मार्चमध्ये गेलात.
२. गेल्या आठवड्यात पोलिस माझ्या पॅरामॅटाच्या ऑफिसात आले आणि माझा लॅपटॉप घेऊन गेले.
३. त्यात थ्रीडी प्रिंटरवर छापायच्या पिस्तुलाचं ड्रॉइंग होतं. तेच माझ्या लॉगिनवरून इंटरनेटवरच्या एका फोरमवर चढवलं गेलं होतं.
४. परदेशातल्या या राज्यात असं ड्रॉइंग नुसतं जवळ असणं हाही गुन्हा आहे. बंदूक लागत नाही, प्रिंटर लागत नाही.
५. ते ड्रॉइंग मी केलेलं नाही. तुम्ही केलंत.

हे तुम्हाला आत्ता लिहिते आहे, कारण आई म्हणाली, "त्यांना विचार." वकीलबाईंनी एक जबाब तयार केलाय. त्यावर माझ्या सहीखाली आईची सही हवी. तुम्ही डायनिंग टेबलावर माझा लॅपटॉप घेऊन बसायचात, हे पाहणारी ती एकटीच. पण आई म्हणते, "लग्न झाल्यापासून यांना विचारल्याशिवाय मी कशावरही सही केलेली नाही. आता तर त्यांच्याच विरुद्ध करू?"

मला घरी बसवलंय, पगारी. पासपोर्ट वकीलबाईंकडे आहे. कॅसल हिलचं हे घर मी मोठं म्हणून घेतलं होतं ना? सध्या मी आणि आई त्यात एकमेकींना चुकवत फिरतो.

तुम्हीच केलंत हे मला कसं कळलं, सांगू? फाइलच्या नावाच्या शेवटी 'रिव्हिजन बी' लिहिलं होतं. त्या फोरमवरची पोरं असलं काही लिहीत नाहीत. चिंचवडच्या कारखान्यात, टूलरूममध्ये आयुष्य काढलेला माणूसच लिहितो. ड्रॉइंग दुरुस्त केलं की पुढचं अक्षर द्यायचं आणि कोपऱ्यातल्या नावाच्या चौकटीला हात लावायचा नाही, ती ड्रॉइंग ऑफिसची. तुम्ही नियम पाळलात. माझ्या लॅपटॉपवर त्या चौकटीत माझं नाव आपोआप येतं, बाबा. ते तसंच राहिलं.

चुकीचं ड्रॉइंग तुम्हाला बघवायचंच नाही! मी कॉलेजला असताना माझ्या असाइनमेंटवर लाल पेन्सिल चालवायचात. इथे आल्यावर कपाटाचे सुटे भाग आणले, तर कपाट जोडायच्या आधी त्या कंपनीला तुम्ही पत्र लिहिलंत, तिसऱ्या चित्रात भोक उलट्या बाजूला दाखवलंय म्हणून. त्यांनी आभार मानले तेव्हा कितीतरी दिवस ते उत्तर फ्रिजवर लावलं होतंत.

आणि मग कुठूनसं तुम्हाला हे चुकलेलं ड्रॉइंग दिसलं, आणि तुम्ही ते दुरुस्त करून परत चढवलंत. आईला आठवतं. जेवताना तुम्ही तिला म्हणालात, "गाढवं आहेत लेकाची. असं केलं तर पहिल्याच वेळी स्वतःची बोटं उडतील." तिने विचारलं, "कसलं काय आहे ते?" तुम्ही म्हणालात, "काही नाही गं, पोरांचं खेळणं." खेळणं वाटलं तुम्हाला? खरंच? की तिला उगाच घोर नको म्हणून म्हणालात?

मला का नाही विचारलंत? मी शेजारच्या खोलीत होते. एका वाक्यात सांगितलं असतं.

रागावून लिहीत नाहीये. पण एक प्रश्न मला सोडत नाही. ते ड्रॉइंग चुकीचं होतं, तेच बरं नव्हतं का? तुम्ही ज्याची बोटं वाचवलीत, तो ती कशावर ठेवणार होता? समोर कोण उभं असणार होतं? या बंदुकीला नंबर नसतो, नोंद नसते, दारातलं धातू शोधणारं यंत्रही तिला ओळखत नाही. म्हणून तर हा कायदा कागदापासूनच सुरू होतो. मला तो चुकीचा वाटत नाही. माझ्यावर लागतोय तरी वाटत नाही. तुमचं ड्रॉइंग किती जणांनी उतरवून घेतलं, हे पोलिसांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

वकीलबाई म्हणतात, "मेलेल्या माणसावर खटला नसतो, डिअर. खरं सांग आणि मोकळी हो." सोपं आहे. आईला सोपं नाही. काल ती म्हणाली, "उद्या वेंटवर्थव्हिलला डाळ घ्यायला गेले की बायका विचारतील, काय हो, तुमचे मिस्टर बंदुका करायचे म्हणे?"

मी म्हटलं, "आणि मी तुरुंगात गेले तर काय विचारतील?"

ती भांडी घासायला उठली. डिशवॉशर रिकामा होता.

म्हणजे असं आहे, बाबा. तुमचं नाव घेतलं तर आईकडे तुमचं जे उरलंय ते जातं. नाही घेतलं तर मी जाते. दोन्हीच्या मधे जागा आहे का, ते मी तपासून पाहिलं. नाही.

एक वचन देते. जबाबाच्या मसुद्यात वकीलबाईंनी तुमच्यासाठी 'कन्फ्यूज्ड' असा शब्द घातलाय. वय झालं होतं, काय करतोय ते कळत नव्हतं, असं. त्याने माझं काम हलकं होईल म्हणतात. तो शब्द मी काढायला लावणार आहे. तुम्ही काय करताय ते तुम्हाला नीट कळत होतं. कुणासाठी करताय, एवढंच कळत नव्हतं. मी हेच सांगेन, कमी नाही, जास्त नाही. तुम्हाला वेडा म्हातारा ठरवून मी सुटणार नाही.

सोमवारी सकाळी जबाब द्यायचा आहे. तो शब्द निघाला की माझी सही होईल. ती एकटी पुरत नाही. सही करायची की नाही, हे कृपया रविवार संध्याकाळपर्यंत आईला कळवा. मला कळवलं नाहीत तरी चालेल.

तुमची,
मृणाल