हाजींचा डावा जोडा आणि मातीचं झाकण

लांडगे नव्हते मामा, कोल्हे होते, आणि तेही आपल्या मामींच्या मांजराहून हातभर मोठे, बस. हाजी कनावींनी गावात काय सांगितलंय ते सगळं कळलं मला. आज लांडगे आहेत, पुढच्या जुम्म्यापर्यंत सिंह होतील. फोनवर खरं सांगायला गेलो तर तुम्ही "भटक्या, तुझ्या हाती पोर देऊ होय मी?" एवढं बोलून फोन आपटलात, म्हणून लिहायला बसलो. पत्राला तसं आपटता येत नाही, कारण ते तुम्हाला तुमची लेक नवारा वाचून दाखवणार, आणि तिने एकदा सुरू केलं की ती कुणाच्या बापाचं ऐकत नाही. (नवारा, हे कौतुक आहे, पुढे वाच.)

आता रीत पाळतो. तुमच्या हातावर ओठ टेकून सलाम. गुडघा कसा आहे? मामींचा खोकला थांबला का, म्हैस व्याली का, कालव्याला पाणी आलं का, सगळं कळवा. मी अल्लाच्या कृपेने ठणठणीत आहे. इथे कैरोत मआदीतल्या इस्त्रीच्या दुकानात जम बसलाय आणि जागा बदलण्याचा विचारही मनाला शिवत नाही. वीटभट्टी, पावाची भट्टी, वाळूची होडी ही जुनी प्रकरणं झाली. ती पुन्हा उकरू नयेत ही विनंती.

तर हाजी. डोळ्याच्या ऑपरेशनच्या निमित्ताने तुम्ही त्यांना मला पारखायला धाडलंत, हे मी पहिल्याच दिवशी ओळखलं. एक डोळा पट्टीखाली होता तरी उरलेल्या डोळ्याने ते माझ्याकडे दोन डोळ्यांचं बघत होते. त्यात शम्म अन-नसीमचा, वसंताच्या सणाचा सोमवार आला. त्या दिवशी अख्खं कैरो रंगवलेली अंडी आणि खारवलेली मासळी घेऊन जिथे गवताचं पातं दिसेल तिथे फतकल मारतं. बागांमध्ये माणसाच्या मांडीवर माणूस. मी म्हटलं, पाहुण्यांना मोकळी हवा दाखवू, आणि त्यांना नेलं आमच्या मागच्या दरीत. शहराच्या कुशीतच आहे, सरकारने वन्य जिवांसाठी राखून ठेवलेली. फाटकावर तिकीट काढलं तेव्हाच हाजी म्हणाले, "बखीत, दगड बघायला तिकीट? आपल्या गावामागे एवढा डोंगर आहे, तुझ्या मामाने आजवर कुणाकडून दमडी घेतली नाही." मी हसलो. (त्यांचं बरोबर होतं, पण सासरकडच्या माणसाचं लगेच पटलेलं दाखवू नये.)

फाटकावरचा रखवालदार रिफअत हा अस्वानकडचा, म्हणजे आपल्यापैकीच. त्याने बजावलं, जाळ करायचा नाही, खाणं जमिनीवर टाकून जायचं नाही, आणलेलं सगळं परत न्यायचं. मी मान डोलावली. आत गेलो तर शहरातली शिकलेली मंडळी हातभर लांब कॅमेरे लावून उन्हात पालथी पडलेली. एकाने कुजबुजत सांगितलं की पहाटेपासून कोल्ह्याची वाट बघतोय, तीन वर्षं येतोय, शेपूटही दिसलं नाही. हाजींनी त्याला मोठ्याने विचारलं की घरी बायको बोलत नाही का.

मामींनी हाजींबरोबर आपल्याकडच्या खारवलेल्या मासळीचा, मलूह्याचा छोटा रांजण पाठवला होता ना, मातीने तोंड लिंपलेला, तोच मी खांद्यावरून नेला होता. बाभळीखाली बसून झाकण काढलं, दोघांनी एकेक घास चाखला, आणि लक्षात आलं की हिरवे कांदे घरीच राहिले. कांद्याशिवाय मलूहा खाणारा माणूस आपल्या जिल्ह्यात जन्मला नाही. फाटकाजवळ बसलेल्या कुटुंबांकडे चार कांदे मागावेत म्हणून निघालो, पण आधी रांजण वाळूत गळ्यापर्यंत पुरला, मामी परसात पुरतात तसाच. जमिनीवर टाकायचं नाही म्हणाला होता, मी जमिनीखाली ठेवलं. झाकण वर नुसतं टेकवलं. हाजींनी मासळीचे हात जोड्यांना पुसले, जोडे काढून उशाशी घेतले आणि म्हणाले, जा, मी राखण करतो. राखण ते घोरत करतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

कांदे घेऊन परतलो तर दरीत जत्रा भरलेली. वर घारी गरगरतायत, खाली कोल्ह्यांचं कुटुंबच्या कुटुंब मासे पळवतंय, पालथी मंडळी उठून आनंदाने रडायच्या बेतात, आणि हाजी खडकावर अनवाणी उभे राहून "हाड, हाड" करतायत, कारण पट्टीतून त्यांना ती कुत्री वाटली. (पुढे त्या कुत्र्यांचे लांडगे झाले.) एका पठ्ठ्याने डावा जोडा नेला. पण मामा, एका पिल्लाचं डोकं रांजणात अडकलेलं. रांजण घेऊन ते आंधळं धावत होतं, दगडांवर आपटत होतं, आणि आतून जो आवाज येत होता तो ऐकून कांदे माझ्या हातून गळले. चूक माझी होती आणि जीव त्याचा जात होता. मी अंगातला पायघोळ गल्लाबिया उतरवला, पिल्लावर टाकला, त्याला मांड्यांत धरलं आणि दगडाने रांजणाचा गळा हळूहळू टिचवला. मोकळं होताच ते माझ्या मनगटाला चावून पळालं. सुया घ्याव्या लागल्या, काळजी नसावी.

रिफअत आला तो शिव्यांसकट. माझ्या हातावरचं रक्त बघून थोडा थांबला, मग पुन्हा सुरू झाला. सगळे तुकडे, सगळे काटे वेचून घेतल्याशिवाय हलायचं नाही म्हणाला. मी उन्हं कलेपर्यंत अख्खी दरी पालथी घातली, तीही नुसत्या बंडीवर. शेवटी तो म्हणाला, "तुझ्या पायांना भिंगरी आहे रे, कुणी बांधून घातलं तर मरशील." मग हाजींना पाठीवर घेऊन फाटकापर्यंत आणलं. तापल्या दगडांवर त्यांचा पाय टेकू दिला नाही, आणि हे त्यांनी गावात सांगितलंय का, तेवढं विचारा. मला त्यांना टाकून पळायचंच असतं तर तेव्हा कांद्यांबरोबरच पळालो असतो.

मामींना माझा सलाम, घरच्या सगळ्यांना आठवण.

तुमचा भाचा,
बखीत

ता. क. इस्त्रीचं दुकान सोडलं. ओरडू नका. रिफअतने साहेबांना सांगून मला दरीत लावून घेतलंय. दिवसभर हिंडायचं आणि लोक खाणं टाकून जात नाहीत ना ते बघायचं. हिंडण्याचा पगार देणारी जागा सोडून मी जाणार कुठे?

ता. क. दुसरा. नवारा, हे मनात वाच, मामांना सांग की पावसापाण्याचं लिहिलंय. त्या रांजणाचं झाकण मी कोल्ह्यांपासून वाचवलं. त्यावर अंगठा उमटलाय, आणि तो मामींचा नाही, मामींचा अंगठा रुंद आहे. तुझी ना असेल तर काही पाठवू नकोस. हो असेल तर आणखी एक रांजण पाठव, तसाच लिंपून.

ता. क. तिसरा, हे मोठ्याने. हाजींना नवे जोडे मी इथेच घेऊन दिलेत, त्यांच्या पायात बघा. तेव्हा ड्रायव्हर महरूसच्या हाती जे पाठवतोय ते जोड्यांचं नाही, नवाराच्या लग्नाच्या सोन्याचं आहे. मामा, मोजून घ्या: चार हजार दोनशे पौंड.