गरम इंजिन

प्रिय ठमे,

पाकिटात दोरा सापडेल, कचरा समजून फेकू नकोस. तो कशाचा ते शेवटी सांगते. तू पाठवलेला माणूस काल ट्रॅक्टर बघून गेला. विक्री झाली नाही. लगेच त्याच्यावर तोंडसुख घेऊ नकोस, आधी पूर्ण वाच.

डॉक्टरांनी ट्रॅक्टरवर बसायला मनाई केल्यापासून तुझे बाबा कसे झालेत ते तू पाहिलंसच. खुर्चीत बसून नुसते शेडकडे बघायचे, हूं की चूं नाही. तू म्हणालीस, डोळ्यांसमोरून तो गेला की जीव अडकून राहणार नाही. मला मात्र धास्ती होती, ट्रॅक्टरबरोबर उरलेसुरले बाबाही जातील. पण बोलणार कोण? तू काळजीपोटीच सगळं ठरवलं होतंस.

माणूस पक्का पारखी निघाला. आल्या आल्या त्याने इंजिनावर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. इंजिन गरम! जुना ट्रॅक्टर गार असताना कसा चालू होतो, त्यावर त्याची खरी तब्येत कळते. म्हणून लबाड लोक गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन तापवून ठेवतात. हे बाबाच जन्मभर सगळ्यांना शिकवत आले आणि त्यांच्याच दारात ही तऱ्हा! त्याने ना धूर पाहिला, ना तेल. आम्हाला लबाड ठरवून चालता झाला. बाबा लालबुंद. ट्रॅक्टरला हात कुणी लावला म्हणून त्यांनी घर डोक्यावर घेतलं. अगं, इतक्या महिन्यांनी तो आवाज ऐकून मला रडूच फुटलं.

हात माझाच होता. बाबा दवाखान्यात होते तेव्हा नांगरणी अडली, म्हणून तुझ्या काकाने मला ट्रॅक्टर शिकवला. पुढे काका त्यांना तपासणीला घेऊन गेला की मी गुपचूप शेतात. कालही तसंच. आता जाणारच आहे, तर शेवटची एक फेरी मारू म्हटलं. गिऱ्हाईक हात लावून बघेल हे डोक्यातच आलं नाही, इतकी वर्षं ऐकूनसुद्धा!

मी कबूल केलं, तरी बाबांचा विश्वास बसेना. इंजिन पार गार होईपर्यंत त्यांनी मला थांबवलं. मग खुर्ची बांधावर नेली आणि म्हणाले, चालू कर आता. आधी थोडा काळा धूर निघाला, मग स्वच्छ. क्लच सोडताना गचका बसला तशी त्यांनी मला भर शेतात झापलं. नांगर वर उचलून इंजिन बंद करायला लावलं आणि तो खाली सरकतो का, ते टक लावून बघत बसले. तसूभर हलला नाही, म्हणजे नांगर उचलणारा पंपही ठणठणीत. बाई, मला असं हलकं वाटलं म्हणून सांगू! रात्री जेवताना माझ्या गिअर बदलण्याच्या नकला करून काकाला हसवत होते.

तेव्हा दुसरं गिऱ्हाईक पाठवू नकोस, जाड फोमची उशी पाठव. माझे पाय क्लचपर्यंत पुरत नाहीत, पाठीमागे टेकू हवा. दोरा त्या उशीच्या जाडीच्या मापाचा आहे. मला सीटवर बसवून बाबांनी स्वतः माप घेतलंय आणि दोनदा तपासलंय.

तुझीच ड्रायव्हर,
आई