शून्य डासांचं जंगल

१६ सप्टेंबर, मंगळवार

शासनाने माझ्यावर घोर अन्याय केला आहे. डास पकडायचा दिव्याचा सापळा दिला, बॅटरी दिली, जाळीची पिशवी दिली — स्टूल नाही दिलं! सापळा टांगायची मोहाच्या झाडाची फांदी आठ फुटांवर. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस उड्या मारतो, हा खेळ वानरांनी फुकटात पाहिला.

शेवटी चतुराबाईंनी घरातलं स्टूल आणून दिलं. केळझरच्या पलीकडे जंगलाला टेकून नऊ घरं आहेत, त्यातलं शेवटचं त्यांचं. सून वर्षाली सातव्या महिन्यात. तिला मलेरिया झाला तर दोन जिवांचं काम! नियम असा — तीन रात्री सापळा लावायचा, सकाळी डास मोजायचे. भरपूर निघाले तरच वस्तीला औषध लावलेल्या मच्छरदाण्या.

"किती निघाले म्हंजे चांगलं, साहेब?" चतुराबाईंनी विचारलं.

"एकही नाही निघाला, तर तुमचा सत्कार करतो!" मी. स्वतःच हसलो. त्या हसल्या नाहीत.

१७ सप्टेंबर

पतंग अकरा, भुंगेरा एक, डास शून्य. माझ्या मानेवर मात्र सहा जण जेवून गेले — त्यांच्यासाठी रकाना नाही.

१८ सप्टेंबर

पुन्हा शून्य. "मच्छर तं लय हाये बाप्पा, झोप नाई लागत," वर्षाली म्हणाली. सासूने डोळे वटारले. पोरगी आत गेली. मी रकान्यात शून्य लिहिलं.

१९ सप्टेंबर

तिसरं शून्य. अहवाल पाठवला. शेरा — 'येथील डास स्वाभिमानी असून सरकारी दिव्याकडे फिरकत नाहीत.' सदाशिवराव, आमचे साहेब, फोनवर खो खो हसले. "मग ती वस्ती मच्छरदाण्यांच्या यादीतून काढतो."

फोन ठेवला. मला हसू येईना.

२२ सप्टेंबर, सोमवार

तीन दिवस घरात येरझारा. बायको म्हणाली, "तुमाले मुंग्या लागल्या का?" सापळा उतरवायचा राहिलाय, हे निमित्त काढून दिवस बुडता बुडता गेलो.

मोहाखाली घमेलं. त्यात गोवऱ्या, कडुलिंबाचा पाला, आणि धूर! चतुराबाई सुपाने वारा घालत होत्या, थेट सापळ्यावर.

"हे काय करून राह्यल्या?"

"काय म्हंजे? तुमीच म्हटलं ना, एकबी नाई पाह्यजे! मांगच्या साली तपासणीवाले आले, माह्या रांजणात अळ्या सापडल्या. ग्रामसभेत नाव वाचलं माहं, सगळ्याईसमोर! आता नाई वाचू देत. उठून उठून गोवऱ्या टाकल्या, कंबर गेली." मग हळूच — "सत्काराले नवं लुगडं लागन का हो?"

सांगावंच लागलं. मच्छर निघाले असते तरच मच्छरदाण्या होत्या.

सूप खाली ठेवलं त्यांनी. "मंग पोरीचं कसं होईन?"

मी घमेल्यात पाणी ओतलं. बॅटरी नवी जोडली.

२३ सप्टेंबर

धुराविना एक रात्र. सकाळी पिशवीत एकशे त्र्याऐंशी. त्यातले बासष्ट मलेरियावाले.

फोनवर आकडा सांगितला, धुराचंही सांगितलं. साहेब तडकले. "तीन शून्यं आणि एकदम एकशे त्र्याऐंशी? लेखी कारण द्या. धूर त्या बाईने केला ना? टाका तिचं नाव, मिटलं!"

टाकलं तर मिटतं, खरंच. महिनाअखेर माझा नोकरीचा करार संपतो. मुदतवाढीवर सही त्यांचीच. कागद चार वेळा पुढे घेतला, चार वेळा सरकवला. चहा तीनदा झाला.

२४ सप्टेंबर

कारण लिहिलं — 'शून्य यावं असं मीच सांगितलं. लोकांनी ऐकलं.' सही केली. वस्ती यादीत परत. करार वाढणार नाही.

दुपारी मच्छरदाण्या नेल्या. पहिली वर्षालीच्या खाटेला बांधली. चतुराबाईंना कागदाचं काही सांगितलं नाही.