डावीकडची तिसरी फांदी

७ मार्च १९९९, रविवार. संध्याकाळ.
शिवथरघळीला जाऊन आलो. सरोजला घळ बघायची होती, मला वाटेतले बांध. आणि मिळालं! नांद्रुक. वडाच्या जातीचं, वय वीस-पंचवीस तरी, उंची गुडघ्याएवढी. शेळ्यांनी खाऊन खाऊन आयतं बोन्साय करून ठेवलेलं. पुण्याच्या बोन्सायच्या वर्गात इरावतीबाई म्हणाल्या होत्या, असं झाड मिळावं म्हणून लोक वर्षानुवर्षं डोंगर पालथे घालतात. मला मोटरसायकलवरून दिसलं. नजर तयार असावी लागते.

सरोजनं विचारलं, कोणाचं आहे ते? बावीस वर्षं मी जमिनी मोजतोय. तिला समजावलं: शेतात असतं तर शेतकऱ्याचं. हे बांधावर आहे. बांध दोघांचा, म्हणजे कोणाचाच नाही. ती मोटरसायकलकडे चालू लागली. पटलं असावं.

टीप: बांधाच्या वरच्या टोकाला पांढरा दगड. तिथून वाडीतल्या देवळाच्या कळसाच्या रोखानं खाली सव्वीस पावलं. (सवय. जाईल कशी?)

महाडला घरी येईपर्यंत झाड पोत्यात गुंडाळून सरोजच्या मांडीवर. साडी गेली म्हणे.

१४ मार्च.
कुंडीत लावलं. आता शैली. इरावतीबाईंच्या मते दोन वाटा. नैसर्गिक: झाड रानात जसं दिसलं असतं तसं, आपला हात दिसता कामा नये. कलात्मक: तार बांधा, वळवा, तुम्हाला हवं ते करा. मी नैसर्गिकच. विषय संपला.

जानेवारीत इथे फळं-फुलं-भाजीपाला प्रदर्शन आहे. यंदा प्रथमच बोन्साय, परीक्षक स्वतः इरावतीबाई. पहिला नंबर कोणाचा हे सांगायला नको.

खोडाला एका बाजूनं खोल खाच आहे, करदोडा काचल्यासारखी. वाऱ्या-पावसानं कोरलेली. हीच दर्शनी बाजू.

अडलंय फक्त डावीकडच्या तिसऱ्या फांदीवर. ठेवावी की काढावी? उद्या ठरवतो.

२ मे.
पालवी फुटली! फांदीचं ठरलं नाही. घाई हा कलेचा शत्रू.

२४ मे, सोमवार.
मोजणीची एक केस माझ्याकडे आली. शिवथर खोरं. सोनबा आणि त्याचा चुलतभाऊ चांगू. वाटप तोंडी, पोटहिस्सा, म्हणजे कोणाची वाटणी कुठवर ते, कागदावर पडलेलाच नाही. हद्दीची खूण एकच. झाड.

जागेवर गेलो. पांढरा दगड ओळखीचा. खड्डाही. बुजवायला हवा होता.

सोनबा म्हणाला, "साहेब, हितं नांद्रूक व्हतं. बापाच्या टायमाचं. कोनी नेलं पत्ता नाय." चांगू म्हणाला, कसलं झाड, आपल्याला तर कधी दिसलं नाय, हद्द चार हात अलीकडं हाय. चार हात अलीकडे म्हणजे सोनबाचा पाट चांगूच्या घशात. त्या पाटानं ओढ्याचं पाणी येतं आणि त्यावर सोनबाच्या आईचा, तुळजाबाईचा भाजीचा मळा. सत्तरीची बाई.

तिनं मला गूळ-पाणी दिलं. मी नुसतं पाणी प्यालो. ऊन फार होतं.

मी शेरा मारला: "खूण आढळून येत नाही." हे शंभर टक्के खरं आहे. तिथे ती आढळतच नाही.

२५ मे.
झाड परत नेऊन लावावं का? विचार केला. पण उन्हाळ्यात मुळं हलवली तर मरेल. झाडाच्या जिवापेक्षा मोठं काही नसतं. शिवाय पावसाळ्यात मोजणी होत नाही. केस दिवाळीनंतर. तोवर दोघे भाऊ समजुतीनं घेतील.

१४ जून.
खूप चिंतन करून कलात्मक शैलीकडे वळलो. निसर्ग निसर्ग करत बसलं तर कलावंतानं करायचं काय? अ‍ॅल्युमिनिअमची तार आणली. शेंडा उजवीकडे होता, डावीकडे नेला. दोन फांद्या खाली ओढल्या. खाचेची बाजू भिंतीकडे केली. सरोज म्हणाली, आता ओळखूच येत नाही. मी म्हटलं, कोणी ओळखावं म्हणून मी हे करतोय का? माझा आवाज चढला. का चढला कळत नाही.

हा निर्णय सर्वस्वी कलात्मक आहे.

तिसरी फांदी तशीच.

३० ऑगस्ट.
सोनबा ऑफिसात आला होता. जाताना घरी चहाला येतो म्हणाला. मी म्हटलं घरी पाहुणे आहेत. धावत घरी येऊन झाड न्हाणीघरात ठेवलं. तो आला नाही. झाड तीन दिवस न्हाणीघरातच. सावली मानवते त्याला. आम्ही अंघोळ अंगणात.

२२ नोव्हेंबर, सोमवार.
पुन्हा शिवथर. चांगूनं पाट बुजवलाय, बांध चार हात अलीकडे नव्यानं घातलाय. खड्ड्याची जागा नांगरून सपाट. आता कोणालाच सिद्ध करता येणार नाही झाड कुठे होतं.

म्हणजे, मला येईल. पण मला कोणी विचारलेलं नाही.

तुळजाबाई ओढ्यावरून हंडा डोक्यावर घेऊन येत होती. दिवसाला चौदा खेपा, सोनबा म्हणाला, एका भोपळ्याच्या वेलासाठी. बाकी मळा वाळला. मी बांधावर बसलो. प्रवास, दुसरं काय. कडी कमी पडते म्हणून मोजणी पुढे ढकलली. कडी म्हणजे मोजणीच्या साखळीची. एक खिशात होती.

निश्चय: प्रदर्शन झालं की सगळं सांगून टाकायचं. पहिला नंबर आला की माणसाच्या शब्दाला वजन येतं.

२१ जानेवारी २०००.
उद्या प्रदर्शन. कार्ड लिहिलं: "नांद्रुक. कलात्मक शैली. कलावंताची बारा वर्षांची साधना." दहा महिने झालेत, पण साधना कॅलेंडरनं मोजत नाहीत. सरोजनं कार्ड वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि पोळ्या लाटायला गेली. पोळ्या लाटायचा आवाज नेहमीपेक्षा मोठा.

फांदी! अजून नाही ठरली. सकाळी ठरवतो.

२२ जानेवारी, शनिवार. दुपारी ४.
क्रमानं लिहितो.

शाळेचा हॉल. अर्ध्यात भाजीपाला, अर्ध्यात आम्ही बोन्सायवाले. माझ्यासमोरच भोपळ्याचं टेबल. त्यामागे, लुगडं नीट चोपून नेसलेली, तुळजाबाई, शेजारी सोनबा. भोपळा केवढा! मी खांबाआड उभा राहिलो. मनात म्हटलं, शेंडा डावीकडे, खाच भिंतीकडे. ओळखणार नाही.

इरावतीबाई आल्या. झाड पाहिलं. चेहरा पडला. म्हणाल्या, तार फार बोलतेय, झाड गप्प आहे. मग कुंडीला हात घातला आणि फिरवली. अर्धवर्तुळ. खाच उजेडात. बाई खूष! म्हणाल्या, अहो, ही खरी समोरची बाजू! ही खाच कशी आली?

वाऱ्या-पावसानं, असं म्हणणार होतो. पण कार्डावर साधना. तोंडातून निघालं, मी दोर बांधून ठेवला होता, बारा वर्षं.

मागून आवाज आला, "बारा नाय, अठरा."

तुळजाबाई. झाडाजवळ येऊन तिनं खाचेत बोट फिरवलं. म्हणाली, ह्या खाचंत माजं दावं हाय. अठरा वरसं शेळी बांदली मी ह्याला. तीन शेळ्या झाल्या. मग तार बघितली आणि मला म्हणाली, "तार कशापायी बांदली रे बाबा ह्याला? पळून जातंय काय?"

सगळे हसले. ती हसली नाही. सोनबाही नाही. तो माझ्याकडे बघत होता, आणि मला पहिल्यांदाच वाटलं की जमीन दुभंगली तर बरं, पोटहिश्शासकट.

२३ जानेवारी.
चांगू म्हणतो, असेल झाड, पण व्हतं कुटं? सांगा की. बरोबर आहे. सोनबाचा शब्द तो मानणार नाही, आणि मोजलेली जागा फक्त माझ्याकडे. डोक्यात नुसता गोंधळ. सांगितलं तर नोकरीवर येईल, नाही सांगितलं तर...

सरोज ही वही घेऊन आली. सात मार्चचं पान उघडून पुढे ठेवलं. ही वही मी सोडून कोणी वाचत नाही असा माझा समज होता. तिला सव्वीस पावलं पाठ होती. म्हणाली, मी मे महिन्यापासून वाट बघतेय, तुम्ही स्वतः सांगाल म्हणून. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

८ फेब्रुवारी.
मोजणी. दुसरा मोजणीदार. माझ्या त्या पानाची झेरॉक्स मीच फाईलला लावलेली. पण पावलं माझी, त्यामुळे चालायलाही मलाच लावलं. पांढऱ्या दगडापासून, कळसाच्या रोखानं, सगळी वाडी दोन्ही अंगांना उभी. एक, दोन, तीन. चांगू मोठ्यानं मोजत होता. सव्विसावं पाऊल मऊ मातीत. खणलं. खाली नांद्रुकाची तुटकी मुळं, माझ्या खुरप्याच्या तिरक्या घावासकट.

हद्द तिथेच. पाट सोनबाचा. तारा सोडून झाड मीच लावलं. तुळजाबाई म्हणाली, जरा खोल लाव.

ऑफिसची कारणे दाखवा नोटीस आली आहे. दहा ओळींत कारणे मागितलीत. कारण एकच आहे, आणि ते लिहायला फार साधं आहे.

१९ मार्च, रविवार.
सरोज म्हणाली, जाऊन बघून येऊ. गेलो. पाटाला पाणी. झाड जगलंय. शेंडा हळूहळू पुन्हा उजवीकडे चाललाय. त्याला शेळी बांधलेली, चौथी, दावं बरोबर खाचेत. आमच्यासमोरच तिनं मान वर केली आणि डावीकडची तिसरी फांदी खाल्ली. बुडापासून. अर्ध्या मिनिटात.

मी चार पावलं मागे जाऊन बघितलं. काढायचीच होती ती.