दोन ठिकाणी मान हलवली

मालवण, रविवार, ९ ऑगस्ट १९५९

वैशाखात दादा गेला, तेव्हापासून या वहीला हात लावला नाही. चुकलेच.

आज शिडाच्या होड्यांच्या मंडळाची सभा झाली. नारळी पौर्णिमेला शर्यत ठरली. दादाच्या होडीचा विषय निघाला, तेव्हा अध्यक्ष बाबीकाका म्हणाले, "घरात वर्ष सरूक नाय, होडी कशी उतरतली? फुडल्या साली बघूया." मी चिटणीस. मान हलवली. वाटले काहीच नाही.

घरी आलो तर वहिनी होडीवरच्या झावळ्या काढून लाकडाला तेल लावत होत्या. सभेतले सांगितले. हात न थांबवता म्हणाल्या, "वर्ष माका पाळूचा आसा, होडयेक नाय. सुकाणू तुमी धरा, भावजी. काय कॉलेजात तां शिकवूक नाय?"

तिथेही मान हलवली. तिथेही काही वाटले नाही. मग यातला खरा होकार कोणता? की दोन्ही नुसत्या माना? दुःख म्हणावे तर तेही सापडत नाही. पण तेलाचा बोळा माझ्या हातात कधी आला ते कळले नाही, आणि होडीची एक बाजू मीच पुरी केली. सभेत हात नुसते मांडीवर होते.

उद्या: बाबीकाकांना सांगणे, होडी उतरेल, सुकाणूवर मी.