टेबलावर होती ती

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

टाके सुकले, जेवण जातंय, हे भावोजींकडून कळलं. पाठीचं निम्मं काम झालं, उरलेलं पुढच्या महिन्यात. त्याआधी एक गोष्ट सांगायला हवी. फोनवर ती माझ्या तोंडून निघाली नसती.

भूल दिल्यावर, सगळं अंग लुळं पाडणारं स्नायू सैल करायचं औषध देण्याआधी मी पेशंटच्या उजव्या दंडाला पट्टा आवळतो, म्हणजे तेवढ्या हातात औषध उतरत नाही आणि तो हलवता येतो. पेशंट चुकून जागा असलाच तर त्या हाताने सांगू शकतो. तुझं ऑपरेशन निम्म्यावर आल्यावर मी सवयीने विचारलं, ऐकू येत असेल तर हात दाब. तू दाबलास. दुखत असेल तर दोनदा दाब, म्हणालो. दोनदा दाबलास. मेंदूच्या यंत्रावरचा आकडा मात्र गाढ झोपेचा होता. भूल वाढवली तर तुझा रक्तदाब कोसळायला लागला, म्हणून पुन्हा कमी केली. सर्जन म्हणाले, प्रतिक्षिप्त क्रिया आहे. मी मान डोलावली.

शुद्धीवर आल्यावर तू म्हणालीस, छान झोप लागली. माझी तेव्हापासून उडाली आहे.

रागावलीस तरी लोभ आटू देऊ नकोस.
तुझा, ढब्बू

९ फेब्रुवारी

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

मला काहीही आठवत नाही, त्यामुळे रागवायचं तरी कशावर? आणि दोनपर्यंत मोजणारी प्रतिक्षिप्त क्रिया तुमच्या सर्जनसाहेबांनी माझ्या वर्गात मांडली असती, तर मी त्यांना बाकावर उभं केलं असतं.

जन्मभर कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवताना मी हेच सांगत आले. मेंदूत काय चाललंय ते यंत्र सांगेल, पण ज्याचा मेंदू आहे त्याला कसं वाटतंय हे यंत्राला कळायचं नाही. मुलं जांभया द्यायची. तू तर ऐटीत म्हणायचास, मेंदूचे भाग एकमेकांशी बोलायचे थांबले की माणूस घरात नाही, दार ठोठावून उपयोग नाही. आता आतूनच कुणी दार वाजवलं म्हणून तुझी गाळण उडाली.

भीती मलाही वाटते, खोटं कशाला सांगू. संमतीच्या कागदावर सही करणार मी, भोगणार ती टेबलावरची, आणि नंतर विसरून मोकळी होणार पुन्हा मीच. तिची संमती घेतली कुणी? म्हणून पुढच्या खेपेला तू तिला विचार, चालू ठेवू का म्हणून. एकदा दाबलं तर हो, दोनदा दाबलं तर थांब.

वेळेवर जेव. माझ्या मायेत खोट यायची नाही.
तुझी, ताई

१५ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे भलतंच काय सुचलं तुला? थांब म्हणालीस तरी उघडी पाठ टाकून कसं थांबणार? मणका अर्धवट राहिला तर पाय जातील. हृदय अशक्त म्हणून जास्त भूल झेपणार नाही. दुसऱ्या दोन डॉक्टरांना विचारलं, तेही हेच म्हणाले. मग तिला विचारणं म्हणजे नुसती थट्टा.

पण तू हट्टाला पेटलीस की कुणाचं चालत नाही. विचारेन. धाकट्यावरचा लोभ सोडू नकोस.
तुझा, ढब्बू

२० मार्च

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

काल खिडकीपर्यंत चालले. तुझे भावोजी मागून खुर्ची घेऊन येत होते, मला हसू आवरेना. याही वेळी काही आठवत नाही, गाढ झोपले होते.

एकच विचित्र झालं. आधार द्यायला त्यांनी माझा उजवा हात धरला आणि मी किंचाळले. घामाने भिजले. कारण मलाच सापडत नाही. आता ते डावीकडून धरतात.

तू विचारलंस ना? काय म्हणाली ती? लपवू नकोस, तुझ्यावरची माया त्याने कमी होणार नाही.
तुझी, ताई

२६ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

विचारलं. आकडा तसाच, गाढ झोपेचा. दुखतंय का म्हटल्यावर दोनदा, इतक्या जोरात की माझी बोटं चेपली. औषध वाढवलं, जेवढं वाढवता येत होतं तेवढं. मग ठरल्याप्रमाणे विचारलं, चालू ठेवू का.

 तिने हात दाबला, एकदाच, अगदी हळू. कुणाला धीर द्यायला दाबतात तसा. थांबता येणार नाही हे माझं पत्र तिनेही वाचलं होतं, ताई. ती तूच होतीस. मी थांबणार नव्हतोच, म्हणून तिने हो म्हटलं. मी सर्जनना म्हणालो, चालू ठेवा.

त्यानंतर मी एकही प्रश्न विचारला नाही. हात मात्र शेवटचा टाका पडेपर्यंत दाबला जात होता. दोनदा. पुन्हा दोनदा.

लोभ असू दे, असं तुला लिहितो. तिला कुठल्या पत्त्यावर लिहू?
ढब्बू