उजव्या बाजूचा स्पीकर

अण्णा, आज देवळाली प्रवरात एका बागायतदाराच्या नव्या बंगल्यात होम थिएटर बसवून आले. तुम्ही लग्नाच्या मांडवात लाऊडस्पीकर लावायचात, मी आता लोकांच्या दिवाणखान्यात लावते. मालकाला पाच स्पीकरचा झगमगीत सेट हवा होता. मी तुमचीच लेक, तुमच्याच तोऱ्यात म्हणाले, "पाच फुसके घेण्यापरीस दोन दमदार घ्या." ऐकलं त्यांनी. टीव्हीच्या दोन्ही अंगांना, भिंतीपासून हातभर पुढे, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर ठेवले, तोंडं किंचित सोफ्याकडे वळवली. मग सोफ्याच्या मधोमध बसून, डोळे मिटून, दोन्ही बाजूंचा आवाज कानाने जुळवला. तुम्ही आवाज मोजायचा मीटर कधी वापरला नाहीत, म्हणून मीही वापरत नाही. घमेंड, दुसरं काय!

बातम्या लावल्या. मालकाची आई माझ्या जागेवर येऊन बसली आणि म्हणाली, "अगं बाई, ही टीव्हीतली पोरगी त्या खिडकीतनं बोलल्यावानी का वाटतंय?" खिडकी उजवीकडे. मी हसून म्हटलं, "आजी, नवीन हाय, सवय होईल." आमचे हे माझ्याबरोबर वायरिंगला असतात. ते वर न बघता म्हणाले, "तू जा, चहा पिऊन ये, मी आवरतो." स्वयंपाकघरात जाऊन मी बोटाने डावा कान गच्च बंद केला. बाहेर टीव्ही चालू होता, समोर मालकीणबाई बोलत होत्या, आणि मला नुसते त्यांचे ओठ हलताना दिसले. अण्णा, लई घाबरले हो मी. बाहेर आले तर आजी खूश. "आता कसं, बरोब्बर टीव्हीतनं बोलतीय!" ह्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. गेले कित्येक महिने प्रत्येक घरी हे मला चहाला पाठवतात, हे तेव्हा लक्षात आलं.

कर्जतचं ते लग्न. उजवा बॉक्स तुम्ही इतका चढवलाय की त्या बाजूच्या पंगतीतली माणसं एका हाताने कान झाकून जेवताहेत. मी सगळ्यांदेखत बोलून जाते, "अण्णा, बहिरे झालात का?" तुम्ही खेकसता, "गप बस! कालची पोर, मला आवाज शिकवती व्हय?" आणि तरातरा चहाला निघून जाता. मी पटकन बटण खाली करते. परत आल्यावर तुम्ही बटणाकडे बघता, माझ्याकडे बघत नाही. त्यानंतर प्रत्येक लग्नात आवाज जुळवून झाला की तुम्ही चहाला जायचात. मला वाटायचं, मी तुम्हाला फसवतेय. मनातल्या मनात हसायचेसुद्धा. तुम्हाला किती भीती वाटत असेल, हे एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही.

दुसरा कान गेला तर मी काय करू? दुसरं काही येत नाही मला. उजवा कान उतरत चाललाय असं लिहिलेली संगमनेरच्या कानाच्या डॉक्टरांची चिठ्ठी आठवडाभर पर्समध्ये पडून आहे; मी ती खरी मानली नव्हती, ह्यांनाही दाखवलेली नाही. हा कागदही घडी करून तिच्याशेजारीच ठेवणार, तुम्हीच गेलात, आता दुसरीकडे कुठे पाठवू? उद्या राहुरीत एक काम आहे. ह्यांच्याशी बोलायचं धाडस मला होणार नाही, अण्णा. आवाज जुळवून झाला की ह्यांनी सांगायच्या आत मीच चहाला जाईन.